लेप आत किती जातो? : त्वचेतून होणाऱ्या शोषणाचे मापन आणि प्राण्यांवाचूनचे प्रयोग

काही वर्षांपूर्वी श्वित्राचा एक रुग्ण माझ्याकडे येत असे. चाळिशीचा शेतकरी, दोन्ही पावलांच्या वर आणि मनगटांवर पांढरे डाग. बाकुची तैल दिले आणि लावल्यावर सकाळच्या कोवळ्या उन्हात पाचच मिनिटे बसावे, असे सांगितले. दिवस हरभरा काढणीचे होते. तैल लावून तो दिवसभर शेतात राबला आणि तिसऱ्या दिवशी मनगटांवर टरारलेले फोड घेऊन दारात उभा राहिला. शीत उपचारांनी पंधरा दिवसांत बरे वाटले. जाताना त्याने विचारले, ‘डॉक्टरसाहेब, वरून लावलेलं आत किती जातं, ते तुम्ही लोक मोजता का?’

मी त्याला भ्राजक पित्त समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, ‘पण किती?’ या ‘किती’चे उत्तर माझ्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या मागे लागून केलेल्या वाचनातून सिद्ध झाला आहे.

त्वचेतून औषधाचे वीर्य आत शिरते, याविषयी आपल्या आचार्यांना शंका नव्हती. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या नवव्या अध्यायात चार तिर्यग्गामी धमन्यांचे वर्णन केले आहे. त्यांच्या असंख्य शाखांची मुखे रोमकूपांशी बद्ध असतात. त्यांच्याच द्वारे स्वेद बाहेर पडतो आणि अभ्यंग, परिषेक, अवगाह व आलेप यांचे वीर्य त्वचेत पक्व होऊन आत प्रवेश करते. या पाचनाचे कार्य सूत्रस्थानात भ्राजक पित्ताकडे सोपवले आहे. लेप रोमांच्या उलट दिशेने लावावा, तो सुकल्यावर अंगावर ठेवू नये, रात्री लावू नये, त्याची जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी असावी, हे सारे नियम आपण पहिल्या वर्षापासून पाठ केलेले आहेत. डल्हणाचार्य तर चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायावरील टीकेत अभ्यंगाचा प्रवास कालमानातच मांडतात : ३०० मात्रांत रोममूळ, ४०० मात्रांत त्वचा, पुढे प्रत्येकी शंभर मात्रांनी रक्त, मांस, मेद, अस्थी आणि ९०० मात्रांत मज्जा. मोजण्याची इच्छा आपल्या परंपरेत होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? साधन मात्र नव्हते.

साधन नसल्याची किंमत किती मोठी असू शकते, याची दोन उदाहरणे देतो. फ्रान्समध्ये १९७२ साली लहान मुलांच्या एका टाल्कम पावडरीत उत्पादनातील चुकीमुळे हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक ६.३ टक्के इतके मिसळले गेले. २०४ मुले आजारी पडली, ३६ दगावली. पावडर कोणी पोटात घेतली नव्हती. ती केवळ अंगाला लावली होती. दुसरे उदाहरण आपल्या देशातील आणि अलीकडचे आहे. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे (हे गाव वैद्यांना निराळ्या कारणाने परिचित आहे) एका रुग्णालयातील वृक्कतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत एनईएलएल-१ या प्रथिनाशी निगडित असा विरळा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळविणारी क्रीम वापरत होते. दोष पाऱ्याचा होता. अशा क्रीमच्या डब्यांवर ‘हर्बल’ हा शब्द किती सहज छापला जातो, हे मी वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या औषधांच्या यादीत रसकर्पूर आणि हिंगुळ आहेत. तेव्हा त्वचेतून काय, किती आणि किती वेळात आत जाते, हा प्रश्न परक्या शास्त्राचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

हे मोजमाप फार काळ प्राण्यांवर होत आले. येथे एक गल्लत दूर करणे इष्ट ठरेल. प्राण्यांवरील त्वक्-परीक्षण म्हटले की सशांवरील ड्रेझ चाचणी आठवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी ती सहकाऱ्यांसह १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु ती चाचणी दाह मोजते, शोषण मोजत नाही. शोषणासाठी सामान्यतः उंदीर वापरतात. त्याच्या पाठीवरचे केस कापायचे, किरणोत्सर्गी खूण असलेले द्रव्य मोजून लावायचे, त्याने ते चाटू नये म्हणून वर आवरण बांधायचे, चयापचय-पिंजऱ्यात ठेवून मलमूत्र गोळा करायचे आणि अखेरीस त्याला मारून अवयवांत किती द्रव्य उतरले ते पाहायचे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, ४२७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत ही पद्धत आहे. विद्यार्थिदशेत एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात पाठीचे केस कापलेले ससे ओळीने मांडलेले मी पाहिले होते. त्यांच्या पाठीवर चौकोन आखलेले होते आणि त्यांतील एका चौकोनात आपल्याच एका प्रसिद्ध योगाचा लेप होता. अहिंसेविषयी व्याख्याने देणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांपैकी कोणीही त्या वेळी काही विचारले नाही. मीही नाही.

करुणेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी ही पद्धत शास्त्रीय दृष्ट्याही लंगडी आहे. ससा आणि उंदीर यांची त्वचा मनुष्याच्या त्वचेहून बहुतेक द्रव्यांना अधिक वाट देते. डुकराची त्वचा पुष्कळच जवळची ठरते. म्हणजे उंदरावरून काढलेला आकडा मनुष्याला लागू करताना चूक होणार हे निश्चित. मात्र प्रत्येक द्रव्यागणिक ती निराळी असल्यामुळे एका ठरावीक गुणकाने सुधारताही येत नाही. म्हणूनच युरोपात कीटकनाशकांचे मूल्यमापन करताना उंदरावरील प्रत्यक्ष आकड्याला मनुष्यत्वचा व उंदीरत्वचा यांवरील काचपात्रातील आकड्यांच्या गुणोत्तराने दुरुस्त करण्याची रीत पडली. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो बाधित झाले. श्वासाबरोबरच त्वचेवाटेही विष आत गेले होते. हे मोजमाप नेमके कोणासाठी करायचे, असे कोणी विचारल्यास मला त्या उघड्या पाठी आठवतात.

आता मूळ विषयाकडे येऊ. प्राणी नको, तर मग काय?

उत्तर एका छोट्या काचेच्या उपकरणात आहे. थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मनुष्यांवर प्रत्यक्ष मोजलेले बारा सेंद्रिय द्रव्यांचे शोषण त्यांनी काचपात्रात ताणून बसवलेल्या मनुष्यत्वचेतील शोषणाशी ताडून पाहिले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘फ्रान्झ सेल’ आज औषधनिर्माणाच्या बहुतेक महाविद्यालयांत आढळते. रचना अशी : दोन काचेची दालने एकावर एक, मध्ये त्वचेचा तुकडा, शृंगस्तर वरच्या बाजूस. वरच्या दालनात औषध. खालच्या दालनात ग्राहक द्रव, जो रक्ताच्या जागी मानायचा. तो चुंबकीय दांडीने सतत ढवळला जातो. भोवती कोमट पाणी खेळवून त्वचेचे तापमान ३२ अंश सेल्सिअस राखतात, कारण जिवंत त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण तितकेच असते. बाजूच्या नळीतून ठरावीक वेळाने खालचा द्रव काढून त्यात द्रव्य किती उतरले हे एचपीएलसी यंत्रावर मोजतात. त्वचा शस्त्रक्रियेत काढून टाकलेली असते. उदाहरणार्थ पोटावरची जादा त्वचा. ती रुग्णाच्या संमतीने घेतली जाते. तिचा वरचा २०० ते ४०० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा सोलून वापरतात.

वाचकांपैकी अनेकांच्या मनात येईल, की मेलेल्या त्वचेवरून जिवंताचा निष्कर्ष कसा काढायचा? हाच आक्षेप मलाही प्रथम सुचला होता. त्याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. आत शिरू पाहणाऱ्या द्रव्याला खरा अडसर असतो तो सर्वांत बाहेरच्या स्ट्रॅटम कॉर्नियमचा, आणि हा थर जिवंत शरीरातही मृतच असतो. जाडी जेमतेम १० ते २० मायक्रॉन. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या सांध्यांतील सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले म्हणजे चुना, अशी ही भिंत आहे. द्रव्य त्यातून केवळ प्रसरणाने सरकते, पेशींचे जिवंत कार्य त्यासाठी लागत नाही. त्यामुळे शरीरापासून वेगळी केलेली त्वचा अडसराचे काम तसेच करत राहते. गोठवून ठेवली तरी बहुधा करते. प्रयोगापूर्वी तिला कोठे छिद्र तर नाही ना, हे पाण्याच्या किंवा विद्युत्-रोधाच्या मापनाने तपासून घेतात. शेवटी लावलेल्या द्रव्याचा पै-पैचा हिशोब द्यावा लागतो : वर उरलेले, धुऊन काढलेले, शृंगस्तरात अडकलेले, त्वचेत साठलेले आणि खाली उतरलेले, सर्व मिळून शंभर टक्क्यांच्या आसपास भरले पाहिजे. ओईसीडीने २००४ मध्ये ४२८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेद्वारे या पद्धतीला मान्यता दिली.

या प्रयोगांतून जमलेल्या आकड्यांतून काही ठोकताळेही निघाले. रसेल पॉट्स आणि रिचर्ड गाय यांनी १९९२ मध्ये दाखवले, की द्रव्याचा रेणुभार आणि पाण्यापेक्षा तेलात विरघळण्याची त्याची ओढ एवढ्या दोनच गोष्टींवरून त्वचेतील गतीचा बराच अंदाज बांधता येतो. पुढे २००० साली यान बॉस आणि मार्कस माइनार्डी यांनी मांडले, की साधारण ५०० डाल्टनहून जड रेणू अखंड त्वचेतून फारसे जात नाहीत. ही मोजपट्टी आपल्या द्रव्यांना लावून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. बाकुचीतील सोरालेन १८६ डाल्टनचे, तेलाकडे ओढा असलेले. ते सहज आत जाणार, आणि माझ्या रुग्णाच्या मनगटांनी ते सिद्धच केले होते. कापूर १५२, तोही वेगाने शिरतो, म्हणूनच तान्ह्या बालकांच्या छातीवर कापराचे तेल सढळ हाताने चोळू नये. हळदीतील कर्क्युमिन ३६८, वजनाने बसते, पण पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने भिंत ओलांडूनही पुढे अडखळते. दारुहळदीतील बर्बेरीन ३३६. त्यावर विद्युत्भार असल्याने मेदाच्या चुन्यातून त्याची वाट कठीण. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन ८२३ आणि मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइड ९५९. अखंड त्वचेतून त्यांच्याकडून फारशी अपेक्षा नको. मात्र व्रणावर भिंतच पडलेली असते, तेथे हा हिशोब लागू होत नाही. सुश्रुतांचा आलेपविचार व्रणाच्या अनुषंगाने आलेला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

स्थानभेदाचेही असेच. फेल्डमन आणि माइबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण मनुष्याच्या निरनिराळ्या अवयवांवर मोजले. अग्रबाहूवरचे शोषण एक धरले तर तळपायाच्या कमानीवर ०.१४, कपाळावर ६, जबड्याच्या कोनाशी १३ आणि वृषणावर ४२. वंक्षणातील दद्रूला दिलेला तीक्ष्ण लेप रुग्ण ‘जरा अलीकडे-पलीकडे’ लावतो तेव्हा काय होत असेल, याचा विचार मी तो तक्ता पाहीपर्यंत केला नव्हता. जाता जाता हेही नमूद करतो, की प्राण्यांऐवजी मनुष्य वापरला म्हणजे नीतीचा प्रश्न मिटला असे नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६० व ७० च्या दशकांत आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तुरुंगातील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांबद्दल २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली.

फ्रान्झ सेल आपल्या लेपांना जशीच्या तशी लागू करावी काय? माझे मत ‘नाही’ असे आहे आणि त्याची कारणे थोड्या विस्ताराने सांगणे भाग आहे.

पहिले कारण मात्रेचे. मार्गदर्शिकेनुसार घन द्रव्य दर चौरस सेंटिमीटरला १ ते ५ मिलिग्रॅम आणि द्रव १० मायक्रोलिटरपर्यंत लावतात. क्रीम चोळण्याच्या सवयीशी हे जुळते. परंतु शार्ङ्गधरांचा दोषघ्न लेप पाव अंगुळ जाडीचा. अंगुळ पावणेदोन ते दोन सेंटिमीटर धरले तर दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ अर्धा मिलिलिटर लेप येतो, म्हणजे प्रयोगशाळेतील मात्रेच्या चाळीस ते पन्नास पट. शिवाय जाड ओला लेप त्वचेला भिजवून तिची भिंत सैल करतो. आणि तो सुकला की त्यातून द्रव्य सुटणेच मंदावते. सुकलेला लेप ठेवू नये या आज्ञेमागे हेही एक कारण असावे, असा माझा तर्क आहे. तेव्हा प्रयोग करायचा तर २४ तास कोरडा पडलेला पातळ थर ठेवून नव्हे. शास्त्रोक्त जाडीने, शास्त्रोक्त वेळेपुरता करावा.

दुसरे कारण मला सर्वांत रोचक वाटते. गोठवलेली त्वचा अडसर म्हणून चालते, परंतु तिच्यातील विकरे, म्हणजे एन्झाइमे, निकामी होतात. जी द्रव्ये त्वचेतच रूपांतरित होतात त्यांच्यासाठी मार्गदर्शिकाही ताजी, जिवंत त्वचा वापरण्यास सांगते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर शीतपेटीत भ्राजक पित्त नष्ट होते. वीर्य पक्व होऊन आत जाते असे ज्यांचे प्रतिपादन आहे, त्यांनी गोठवलेल्या त्वचेवरच्या आकड्यांवर समाधान मानणे हा स्वतःच्याच सिद्धांताचा विसर ठरेल.

तिसरे, रोमकूप. शरीरापासून सुटलेली त्वचा आकसते आणि रोमकूपांची तोंडे मिटतात, त्यामुळे काचपात्रात हा मार्ग प्रत्यक्षाहून अरुंद दिसतो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील युर्गन लाडेमन आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या कानाच्या त्वचेवर ३२० नॅनोमीटर आकाराचे कण लावून पाहिले. मर्दन केले तेव्हाच ते रोमकूपांत खोल उतरले. हालणारा केस पंपासारखे काम करतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. अभ्यंगात चोळण्याला आणि लेपात प्रतिलोम गतीला आपण इतके महत्त्व का देतो, याचे याहून चांगले प्रात्यक्षिक माझ्या वाचनात नाही.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. लेझर सूक्ष्मदर्शनाने व रामन पद्धतीने केलेल्या निरीक्षणांत वनस्पतिज तेले शृंगस्तराच्या वरच्या काही पदरांपलीकडे गेलेली आढळली नाहीत. तिळाच्या तेलातील मेदरेणू ९०० डाल्टनच्या घरातले, त्यांनी आणखी आत जाणे कठीणच. तेव्हा पाव तासाच्या आत प्रत्यक्ष तेल मज्जेपर्यंत पोहोचते असा डल्हणांच्या मात्रांचा शब्दशः अर्थ घेणे मला मान्य नाही. तेल वाहक आहे, त्यातील ओलेइक आम्ल शृंगस्तराची घडी विसकटून इतर द्रव्यांना वाट करून देते आणि स्पर्शाचा परिणाम नाड्यांद्वारे होतो. असा अर्थ लावण्यास जागा आहे. ज्येष्ठ वैद्यांना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

मनुष्यत्वचा मिळणे कठीण, म्हणून तिचे पर्यायही शोधले गेले. खाटीकखान्यात वाया जाणारा डुकराचा कान हा सर्वांत विश्वसनीय. अमेरिकेत ताकेरू हिगुची आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात चक्क सापाची कात वापरली. ती शुद्ध शृंगस्तर असते, तिला केस नसतात आणि साप जिवंतच राहतो. आपल्याकडच्या महाविद्यालयांत अंड्याच्या कवचाआतील पापुद्रा किंवा सेलोफेन वापरलेले मी पाहिले आहे. लेपातून द्रव्य सुटते किती हे त्यावरून कळते, त्वचेतून जाते किती हे नव्हे; प्रबंधांत हा भेद वारंवार पुसला जातो. प्रयोगशाळेत मनुष्याच्या पेशींपासून वाढवलेली एपिस्किन व एपिडर्म यांसारखी त्वचा दाहपरीक्षणासाठी उत्तम ठरली आणि २०१० मध्ये ओईसीडीच्या ४३९ क्रमांकाने ड्रेझच्या सशाला त्या कामी पर्याय मिळाला. मात्र तिची भिंत खऱ्या त्वचेहून कच्ची असल्याने शोषणाचा आकडा फुगतो. उन्हाने चेतणाऱ्या बाकुचीसारख्या द्रव्यांसाठी उंदराच्या पेशींच्या स्थिर वंशावर केली जाणारी ४३२ क्रमांकाची चाचणी आहे. बिब्बा उतण्यासारख्या असात्म्यतेसाठी ४४२ च्या मालिकेतील रासायनिक व पेशीय चाचण्या आहेत.

कायद्याची दिशाही हीच आहे. युरोपीय संघाने ११ मार्च २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीवर पूर्ण बंदी आणली. भारताने २०१४ मध्ये नियम १४८-सी द्वारे प्रसाधनांचे प्राणिपरीक्षण थांबवले आणि त्याच वर्षी अशा प्रसाधनांच्या आयातीवरही निर्बंध घातला. मार्च २०२३ मधील दुरुस्तीने नव्या औषधांच्या बाबतीतही प्राण्यांवाचूनच्या पद्धतींना दार उघडले. आयुर्वेदीय औषधांचे परवाने स्वतंत्र तरतुदींखाली येतात. मुखलेप ‘औषध’ म्हणून विकायचा की ‘प्रसाधन’ म्हणून, हे पुष्कळदा उत्पादकाच्या सोयीने ठरते. आणि ही फट आपल्या शास्त्राच्या नावावर जगते.

आरंभीच्या शेतकऱ्याला द्यायचे उत्तर मात्र अजून अपुरेच आहे. आमच्या गावापासून जवळच्या औषधनिर्माण महाविद्यालयात सहा फ्रान्झ सेल आहेत, एचपीएलसी आहे आणि तेथील प्राध्यापक उत्सुक आहेत. बाकुची तैल, बाकुची चूर्णाचा गोमूत्रातील लेप आणि बाकुचीचे बाजारातील एक मलम, या तिघांतून सोरालेन किती वेळात किती उतरते, एवढाच मर्यादित प्रश्न आम्ही घेतला आहे. आरंभ डुकराच्या कानापासून. ताज्या मनुष्यत्वचेसाठी संस्थात्मक नीतिसमितीची अनुमती आणि शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची लेखी संमती आवश्यक आहे. ज्या सभासदांचा प्लास्टिक सर्जनांशी परिचय असेल, किंवा ज्यांच्या महाविद्यालयात अशी समिती कार्यरत असेल, त्यांनी संपादकांमार्फत कळवावे. बाकुची कोणत्या शेतातली, कोणत्या हंगामातली, हे लिहून पाठवल्यास नमुनेही हवे आहेत. दर नमुना किमान अर्धा किलो, शोधन न केलेला.